राहून गेलेले दोन शब्द

‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण आपल्याकडे सर्वांच्या तोंडी आहे. ती सातासमुद्रापलीकडेही किती खरी ठरते, हे एका अमेरिकन गीताच्या कथेवरून वाचकांच्या सहज ध्यानी येईल.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील खेड्यापाड्यांतून वाढलेल्या गायनप्रकाराला ‘कंट्री’ संगीत म्हणतात. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल हे शहर त्याचे माहेरघर. सोपी चाल, गिटारची साथ आणि नित्याच्या बोलण्यातील शब्द एवढेच त्याचे भांडवल. आणि मोडलेले संसार व उशिरा सुचलेले शहाणपण हे त्याचे आवडते विषय होत. ‘ऑलवेज ऑन माय माइंड’, म्हणजे ‘तू सदैव माझ्या मनात होतीस’, हे गीत याच परंपरेत मानाचे स्थान मिळवून बसले आहे.

वेन कार्सन हे त्याचे मूळ कर्ते. त्यांचे घर मिसूरी राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, तर ध्वनिमुद्रणाचे काम टेनेसीतील मेम्फिस येथे. काम लांबल्याने घरी परतणे पुन्हा पुढे गेले, तेव्हा दूरध्वनीवर रुष्ट पत्नीची समजूत घालताना त्यांच्या तोंडून जे उद्गार निघाले, त्यांतूनच हे गीत सुचले, अशी हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली आहे. पुढे जॉनी क्रिस्टोफर व मार्क जेम्स यांच्या साहाय्याने ते पूर्ण झाले.

२९ मार्च १९७२ रोजी विख्यात गायक एल्व्हिस प्रेस्ली यांनी ते ध्वनिमुद्रित केले. त्याच सुमारास त्यांची पत्नी त्यांच्यापासून विभक्त झाली होती. त्यामुळे गीतातील पश्चात्ताप हा त्यांचा स्वतःचाच आहे, असे श्रोत्यांना वाटले. तदनंतर दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, टेक्सासचे गायक विली नेल्सन यांनी ते गायिले. ‘कंट्री’ गीतांच्या लोकप्रियतेच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेले आणि १९८३ मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम गीताचे ग्रॅमी पारितोषिक लाभले. नेल्सन तालाच्या किंचित मागे राहून, बोलल्यासारखे गातात. त्यामुळे एखादा संकोची मनुष्य अडखळत अपराधाची कबुली देत आहे, असा भास होतो.

परंतु हा अपराध तरी कोणता? गीतातील पती आपण व्यसनी असल्याचे किंवा पत्नीशी प्रतारणा केल्याचे सांगत नाही. तिचे जेवढे करावयास हवे होते तेवढे केले नाही. लहानसहान गोष्टी बोलावयाच्या व करावयाच्या राहून गेल्या. त्यासाठी सवड काढली नाही, एवढेच तो सांगतो. तो आणखी एक संधी मागतो. मात्र पत्नीचे उत्तर आपल्याला अखेरपर्यंत ऐकू येत नाही, आणि गीताची सारी व्यथा त्या मौनात साठलेली आहे. ‘तू मनात होतीस’ हे त्याचे म्हणणे खरे असेलही. पण जे मनातच राहिले, त्याचा त्या बिचारीला काय उपयोग?

आपल्याकडे चारचौघांत पत्नीचे कौतुक करणे दीर्घकाळ संकोचाचे मानले गेले. ‘प्रेम काय बोलून दाखवावयाचे असते?’ असे म्हणणारे गृहस्थ आजही आपल्या परिचयात असतील. त्यांच्या प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि दिवसभर राबलेल्या माणसाला ‘आज फार दमलीस’ किंवा ‘आज उशीर झाला, वाट पाहत होते’ एवढे दोन शब्द ऐकावयास मिळाले, तर त्या दिवसाचा शीण खचित हलका होतो. यासाठी पैसा लागत नाही, विद्वत्ताही लागत नाही. वाचकहो, गीतातील त्या पतीला हे शब्द सुचले, तेव्हा ऐकणारी व्यक्ती दुरावली होती. आपल्या घरात ती कदाचित आत्ता शेजारच्याच खोलीत असेल.