शहराचे भवितव्य हद्दीवर ठरते

नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांपेक्षा भनपुरीसारख्या हद्दीवरच्या वस्त्या वाढत्या शहरांचे खरे चित्र दाखवतात. नियोजनाचे अधिकार विखुरलेलेच राहिले, तर ‘शाश्वत विकास’ हा शब्द आराखड्यांपुरता उरेल.

रायपूर मराठी वाचकाला परके नाही. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आला. पुढे तो मध्य प्रांत व वऱ्हाडाचा भाग होता आणि १९५६ पर्यंत त्याचा कारभार नागपूरहूनच चालला. १ नोव्हेंबर २००० रोजी नवे राज्य अस्तित्वात आले आणि रायपूरवर राजधानीचा भार पडला. २००१च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ६ लाख होती. २०११ मध्ये ती १० लाखांवर गेली. २०२१ची जनगणना झालीच नाही. म्हणजे ज्या आकड्यांवर नियोजनकार आजही विसंबतात, ते जवळपास दीड दशकापूर्वीचे आहेत.

या वाढीला शासनाने दिलेले उत्तर म्हणजे नवे शहर. जुन्या रायपूरपासून वीसेक किलोमीटरवर, आग्नेयेला नवा रायपूर वसवले गेले. २०१२ मध्ये मंत्रालय तेथील महानदी भवनात गेले. २०१८ मध्ये शहराला अटलबिहारी वाजपेयींचे नाव मिळाले. केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत रायपूरची निवड २०१६ मध्ये आणि नवा रायपूरची २०१७ मध्ये झाली. एकाच परिसरातील दोन शहरांवर योजनेची अशी कृपा क्वचितच होते. मात्र कार्यालये आग्नेयेकडे नेता आली, तरी रोजगार शोधणारा माणूस शासकीय नकाशा पाहून बिऱ्हाड करत नाही. तो उत्तरेला, बिलासपूर रस्त्यावर, भनपुरीला उतरतो.

भनपुरी ही रायपूरच्या उत्तर वेशीवरील जुनी औद्योगिक वसाहत. मुंबई-हावडा लोहमार्ग, भिलाईचा पोलाद कारखाना आणि राज्यातील कोळसा यांच्या आधाराने या दिशेला उद्योगांची साखळी लांबत गेली. भनपुरी, बिरगाव, उरला, सिलतरा ही तिची क्रमाने येणारी स्थानके. स्पंज आयर्नचे कारखाने आणि रोलिंग मिल, मालमोटारींचे तळ आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या कामगारवस्त्या येथे एकमेकांना चिकटून आहेत. ही वाढ अपघाताने झालेली नाही. उद्योगासाठी जमीन आखताना त्या उद्योगात राबणाऱ्यांच्या निवाऱ्याची जागा आखली नाही, तर मोकळ्या पट्ट्यांत वस्ती होणे अटळ असते. तिला मग ‘अतिक्रमण’ म्हटले जाते.

खरी अडचण अधिकारांची आहे. भनपुरी रायपूर महापालिकेत येते. तिला लागून असलेल्या बिरगावची महापालिका वेगळी. औद्योगिक भूखंड राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाकडे, धुराड्यांवरची देखरेख पर्यावरण संरक्षण मंडळाकडे, महामार्ग आणि लोहमार्गाची जमीन केंद्रीय यंत्रणांकडे, तर विकास आराखडा नगररचना खात्याकडे. प्रत्येक यंत्रणेची फाइल आपापल्या जागी निर्दोष असू शकते. पण धूळ आणि सांडपाणी फाइलींच्या हद्दी पाळत नाहीत. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या कोणालाही ‘हा विषय आमच्या कार्यकक्षेत येत नाही’ हे वाक्य पाठ असते. हद्दीवर राहणाऱ्या नागरिकाच्या वाट्याला शासन बहुधा याच वाक्याच्या रूपात येते.

पाण्याचा हिशेब पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. जुने रायपूर तलावांचे शहर होते. बुढा तलाव, महाराजबंध, तेलीबांधा, कंकाली ही नावे आजही त्याची साक्ष देतात. पावसाचे पाणी साठवायचे, उतरावरून पुढच्या तलावात जाऊ द्यायचे आणि उरलेले नदीकडे सोडायचे, ही व्यवस्था नगररचना हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीची. आज शहर खारून नदीचे आणि धमतरीजवळच्या गंगरेल धरणाचे पाणी पिते. खारून दक्षिणेकडून येते; शहर वरच्या अंगाला पाणी उचलते आणि औद्योगिक पट्टा खालच्या अंगाला, उत्तरेला आहे. तेथून नदी शिवनाथला आणि शिवनाथ महानदीला मिळते. त्यामुळे खालच्या बाजूला काय सोडले जाते, याची झळ शहराच्या नळाला लागत नाही. ती खालच्या गावांना लागते. ज्याचे नुकसान होते त्याला नियोजनाच्या बैठकीत जागा नाही, हा या व्यवस्थेतला मूळ दोष आहे.

हवेच्या बाबतीत तर तेवढाही आडपडदा नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात रायपूर, भिलाई आणि कोरबा या तिन्ही शहरांचा समावेश आहे. शहराने रस्ते झाडावेत, पाण्याचे फवारे मारावेत, हे ठीकच. मात्र धुराचा उगम महापालिकेच्या हद्दीबाहेर असेल, तर शहरापुरता आखलेला उपाय अपुराच ठरणार.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. पिंपरी-चिंचवडला आधी कारखाने आले, १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. उद्योगांमुळे मिळालेल्या जकातीच्या बळावर त्या शहराने रस्ते आणि पाणी उभे केले. नद्यांचे आरोग्य त्यालाही राखता आले नाही, हे खरे. तरीही धडा स्पष्ट आहे: उद्योगातून निर्माण होणाऱ्या संपत्तीचा ठोस वाटा त्या उद्योगाचा भार सोसणाऱ्या स्थानिक संस्थेकडे गेला पाहिजे.

राज्यघटनेने यावर मार्ग सुचवलेला आहे. ७४व्या घटनादुरुस्तीतील अनुच्छेद २४३ झेडई दहा लाखांहून अधिक वस्तीच्या महानगर क्षेत्रासाठी नियोजन समिती बंधनकारक करतो. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निर्वाचित सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातूनच निवडून द्यायचे असतात. बिरगावचा नगरसेवक आणि खारूनकाठचा सरपंच रायपूरच्या प्रतिनिधीशेजारी बसू शकेल, अशी ही एकमेव घटनात्मक जागा आहे. महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ मध्ये कायदा केला. तरी प्रत्यक्षात महानगर प्राधिकरणांचाच वरचष्मा राहिला.

छत्तीसगडच्या विधानसभेनेही २०२५ मध्ये राजधानी क्षेत्रासाठी विकास प्राधिकरण स्थापण्याचे विधेयक मंजूर केले. रायपूर, नवा रायपूर आणि दुर्ग-भिलाई यांचा एकत्र विचार होणे स्वागतार्हच आहे. मात्र प्राधिकरण म्हणजे जमीन आखणारी आणखी एक यंत्रणा ठरणार, की नदीखोरे, हवा आणि कामगारांचा निवारा यांचा एकत्रित हिशेब मागणारे व्यासपीठ, हे पुढची काही वर्षे ठरवतील. नव्या आराखड्याची सुरुवात रिकाम्या माळावरून करण्याऐवजी भनपुरीतून करावी. कारखान्यालगत भाड्याची परवडणारी घरे, पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या वाटांना कायद्याचे संरक्षण आणि दोन्ही महापालिकांसाठी सांडपाण्याची सामाईक व्यवस्था, एवढ्या तीन गोष्टी तेथे साधल्या, तरी त्या प्राधिकरणाचे प्रयोजन सिद्ध होईल. त्या तेथे साधल्या नाहीत, तर नवी राजधानी कितीही देखणी झाली तरी तिचा भार दुसऱ्याच कोणाच्या तरी श्वासावर पडत राहील.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)