भिंतीमागचा माणूस

नवी मुंबईच्या घणसोली गावठाणात हळद ठरली की घरात पहिला प्रश्न येतो, "डीजे सांगितला का?" आणि लगेच दुसरा, "बेस किती, टॉप किती?" या दोन्ही प्रश्नांत माणूस कुठेच नाही. आपल्याकडे डीजे म्हणजे टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत. 'डीजेवर बंदी', 'डीजे जप्त' अशा मथळ्यांतही तीच भिंत असते. तिच्यामागे उभ्या असलेल्या मुलाला फार तर ऑपरेटर म्हणतात. या लेखात मला त्या मुलाबद्दलच लिहायचं आहे.

अशाच एका हळदीत मी त्याच्या शेजारी तासभर उभा होतो. हेडफोन एकाच कानावर होता. एक गाणं सगळं अंगण ऐकत होतं आणि पुढचं फक्त तो. पुढच्या गाण्याचा वेग तो केसाकेसाने वाढवत होता, ओठांनी ठोके मोजत होता. सोळावा ठोका येताच त्याने चालू गाण्याचा बेस पूर्ण खाली घेतला आणि त्याच क्षणी नव्याचा वर आणला. समोर नाचणाऱ्या एका मावशींचा पाय जुन्या गाण्यात उचललेला होता, तो नव्या गाण्याच्या ठोक्यावर पडला. त्यांना काही कळलंही नाही. या कामाची खरी परीक्षा तीच.

या कामातली खरी गाठ मात्र आधीच, घरी लॅपटॉपवर रिमिक्स करताना सुटलेली असते. हाऊस संगीताचा पाया सरळ असतो : चार मात्रा, प्रत्येक मात्रेवर जड ठोका, मिनिटाला साधारण 120 ते 130. आगरी-कोळी गाणं मात्र बहुतेकदा सहा मात्रांत झुलतं, तीन-तीनच्या दोन हेलकाव्यांत, वल्ह्यासारखं. ते ओढूनताणून चारात बसवलं तर गाण्यातलं पाणीच आटतं. जाणता रिमिक्स करणारा हेलकाव्याला हात लावत नाही. तो पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर किक, म्हणजे तो जड ठोका, ठेवतो. दोन आवर्तनांत चार ठोके होतात, हाऊसची चौकट मिळते आणि मधल्या मात्रा झुलत्याच राहतात. माझ्या मते हे संगीतकाराचंच काम आहे.

'हाऊस' हे नाव शिकागोतल्या 'वेअरहाऊस' या क्लबवरून आलं. 1977 मध्ये न्यूयॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स तिथे रेकॉर्ड वाजवू लागला. नाचायला येत ते प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुण, ज्यांना शहरात इतरत्र मोकळेपणाने वावरता येत नव्हतं. 12 जुलै 1979 ला त्याच शहराच्या बेसबॉल मैदानात डिस्कोद्वेषाच्या भरात डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग स्फोटाने उडवून देण्यात आला. नकल्स आणि त्याच्या सोबत्यांनी त्याच तुच्छ ठरवलेल्या संगीतात ड्रम मशीनचा ठोका घालून नवा प्रकार उभा केला. पुढे, 1998 मध्ये, वर्षातला सर्वोत्तम रिमिक्सर म्हणून त्याला ग्रॅमी मिळालं. या कामासाठीचं ते पहिलंच ग्रॅमी. एका डीजेची कारकीर्द कुठवर जाऊ शकते, हे तिथे दिसतं.

आपल्या मुंबईचाही या इतिहासात एक चटका लावणारा कोपरा आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे कलाकार. 1982 मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडली : ज्युपिटर-8, टीआर-808 आणि टीबी-303. त्यांवर ललित, मालकंस असे दहा राग डिस्को ठोक्यावर वाजवले. रेकॉर्ड चालली नाही. शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाने त्याच टीबी-303 चा चिरका, वळवळता आवाज वापरून 1987 मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढलं आणि 'अ‍ॅसिड हाऊस' नावाचा प्रवाह सुरू झाला. सिंगांच्या रेकॉर्डचं मोल जगाला 2010 मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा कळलं. 2015 मध्ये ते गेले. पाच वर्षांचं कौतुक तरी त्यांच्या वाट्याला आलं, याचं मला फार समाधान वाटतं.

हाऊसच्या जगात असं नाव व्हायला मराठीला मात्र 2024 पर्यंत थांबावं लागलं. कृणाल घोरपडे, म्हणजे 'क्रेटेक्स', आणि श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' नेदरलँड्सच्या 'स्पिनिन रेकॉर्ड्स'ने काढलं. डीजे मार्टिन गॅरिक्सचं 'अ‍ॅनिमल्स' 2013 मध्ये काढणारी हीच कंपनी. क्रेटेक्स या शैलीला 'एम-हाऊस', मराठी हाऊस, म्हणतो. मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते त्याने आपली भाषाच वाद्यासारखी वाजवणं. त्या दोन शब्दांतला 'ड' आणि 'च' तोंडात कसा आपटतो पाहा. मराठीची ही कठीण व्यंजनं सुगम गायकीत घासून मऊ केली जातात. इथे तीच तालवाद्य झाली आहेत. भाषा न कळणारा माणूसही त्या आघातांवर नाचू शकतो.

हळदीच्या टेम्पोपासून तिथवर जाताना एक अडसर हमखास येतो : हक्क. कॉपीराइट कायद्यात 2012 साली आलेल्या 31सी कलमानुसार मूळ ध्वनिमुद्रण झालं त्या वर्षाअखेरीपासून पाच वर्षं लोटल्यावर, पूर्वसूचना आणि मोबदला देऊन, गाण्याची नवी आवृत्ती गाऊन घेता येते. मूळ मुद्रणातला आवाजच उचलून रिमिक्स करायचा तर कंपनीची परवानगी लागते. त्यामुळे गावोगाव गाजलेला रिमिक्स पुष्कळदा करणाऱ्याच्या नावावर लागतच नाही. ज्याला पुढे जायचं त्याला स्वतःची चाल, स्वतःचा गळा शोधावा लागतो.

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 14 मार्च 2025 ला, धुळवडीच्या दिवशी, तोच मार्टिन गॅरिक्स वाजवून गेला. ज्या गावांच्या जमिनीवर सिडकोने नवी मुंबई वसवली, त्यांतली कितीतरी गावठाणं तिथून हाकेच्या अंतरावर आहेत. त्या मंचासाठी लागणारा कान त्या गावठाणांत आहे, हे मी मनापासून सांगतो.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम मला मान्य आहे. छातीत धडधडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची झोप कुठल्याही बेसपेक्षा मोठी. त्या हळदीतही दहाला भिंत गप्प झाली. मग मांडवात धवलारीण, म्हणजे लग्नविधींची गाणी गाणारी आजी, बसली आणि धवले, म्हणजे तीच गाणी, सुरू झाले. कुठल्या विधीला कोणतं गाणं, कुठे थांबायचं, कुठे उचलायचं, सगळं तिच्या डोक्यात. वायरी गुंडाळता गुंडाळता तो मुलगा तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन बसला. आजीला विचारून त्याने मोबाईल रेकॉर्डिंगला लावला आणि गुडघ्यावर बोटं टेकवून मोजायला लागला : एक दोन तीन, एक दोन तीन.