दुधाचे खाडे आणि पोटाची नोंद

आमच्या घरी दुधाचे खाडे अजून कॅलेंडरवरच लिहितात. दूध आलं नाही की त्या तारखेच्या चौकोनात फुली. महिनाअखेरीला हिशेब करताना ‘मला आठवतंय ना’ असं कुणी म्हणत नाही, सगळे कॅलेंडरपाशी जातात. पोटाच्या दुखण्याचा हिशेब मात्र आपण डॉक्टरांसमोर बसून आठवून आठवून देतो. “कधीपासून होतंय?” “झाले बरेच दिवस.” “रोज होतं?” “हो, जवळजवळ रोजच.” आणि डॉक्टरांना एवढ्यावरच औषध लिहायची वेळ येते.

माझी मावशी असंच सांगत होती. वय ६२, पोटाच्या वरच्या भागात जळजळ, करपट ढेकर. कारण तिचं तिनंच ठरवून टाकलं होतं: वांगं. डॉक्टरांनी तीन आठवडे लिहून ठेवायला सांगितलं, तेव्हा तिनं कॅलेंडरचेच चौकोन भरायला घेतले. पहिल्या आठवड्याच्या चौकोनांत सगळं जेवण होतं, अगदी दुपारचं अर्धं बिस्किटसुद्धा. पण गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्यावरची गोळी कुठेच नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, “अगं, ती पोटाची नाही, गुडघ्याची गोळी आहे.” पुढचे दोन आठवडे तीही लिहिली. त्या १४ दिवसांत पोट दुखलं ५ दिवस. त्यातले ४ दिवस गोळीचे होते, आणि गोळी घेतलेली सकाळी नुसत्या चहावर. वांगं तीनदा झालं होतं, त्यातल्या दोन दिवशी पोट शांत. डॉक्टरांनी आधी ती गोळी थांबवली.

पोटाची नोंद म्हणजे खाण्याची यादी, हा मला सगळ्यात नुकसान करणारा गैरसमज वाटतो. दुखण्यावरच्या अनेक गोळ्या जठराच्या आतल्या अस्तराला इजा करतात, मधुमेहाच्या मेटफॉर्मिननं पुष्कळांना जुलाब होतात, लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो. शिवाय जागरण, प्रवास, पाळी, ताण. हे वहीत नसेल तर दोष बिचाऱ्या भाजीवर जातो.

‘माझ्या पोटाचं मला नाही आठवणार तर कुणाला?’ हेही नेहमी ऐकू येतं. डोनाल्ड रेडेलमायर आणि डॅनियल कानेमन यांचा १९९६चा अभ्यास पाहा. आतड्याची दुर्बिणीनं तपासणी चालू असताना रुग्णांनी दर मिनिटाला वेदना किती आहे ते नोंदवलं, आणि नंतर आठवून सांगितलं. आठवणीत उरलं ते मुख्यतः दोन क्षणांचं: सगळ्यात जास्त दुखलं तो आणि अखेरचा. तपासणी किती वेळ चालली, याचा त्या आठवणीवर फारसा परिणाम नव्हता. म्हणून ‘रोज दुखतं’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. दोन वाईट दिवसांनी त्याचा सगळा महिना व्यापलेला असतो.

मग रात्री निवांत बसून, किंवा रविवारी आठवडाभराचं एकदम लिहिलं तर? २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका अभ्यासात दीर्घकाळ वेदना असलेल्या रुग्णांना कागदी वह्या दिल्या होत्या. वही कधी उघडली हे टिपणारा प्रकाशसंवेदक त्यांत बसवलेला होता. रुग्णांच्या लिहिण्यानुसार ९० टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या, प्रत्यक्षात तशा होत्या ११ टक्के. बाकीच्या मागाहून भरलेल्या. त्यापेक्षा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच दोन शब्द पाठवावेत, ‘मुरडा, १० पैकी ६’. वेळ आपोआप पडते.

वेळेला महत्त्व आहे, कारण शेवटचं खाल्लेलंच बाधलं असं आपण धरून चालतो. जेवून उठताच संडासला जावं लागलं की ‘खाल्लेलं तसंच बाहेर पडतं’ म्हणतात. तसं नसतं. जठरात अन्न पोचलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा जातो. बाहेर येतं ते बहुधा आदल्या दिवशीचं किंवा त्याहून जुनं. दूध पचत नसेल तर त्रास साधारण अर्ध्या ते दोन तासांत दिसतो, कडधान्यांचा गॅस काही तासांनी. घड्याळ न बघता पदार्थ सोडत गेलं तर आधी दूध जातं, मग डाळ, मग गहू, आणि माणूस वरणभातावरून नुसत्या भातावर येतो.

‘रोज सकाळी पोट साफ झालंच पाहिजे’ या हट्टापायी किती घरांत चूर्णाचा डबा कायमचा बसला आहे! दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढा सगळा पल्ला निरोगी माणसांत आढळतो. वेळांइतकंच महत्त्व स्वरूपाला आहे. ब्रिस्टलच्या इस्पितळातल्या स्टीफन लुइस आणि केन हीटन यांनी १९९७मध्ये त्याचा सात प्रकारांचा तक्ता मांडला. १ म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, ४ म्हणजे मऊ, गुळगुळीत, लांबट, ७ म्हणजे निव्वळ पाणी. ३ आणि ४ उत्तम. रोज जाऊनही १ आणि २च होत असेल, कुंथावं लागत असेल, तर ती बद्धकोष्ठताच. ज्यांना हे तोंडानं सांगायची लाज वाटते त्यांची या आकड्यांनी मोठी सोय होते. चौकोनात नुसता ‘२’ लिहायचा.

वही जन्मभर चालवायची नाही. दोन ते चार आठवडे बहुतेकांना पुरतात. त्यापुढे काही जण दर ढेकरेवर कान ठेवून बसतात, आणि लक्ष तिथेच राहिलं की त्रासही जास्त जाणवतो. तसं होऊ लागलं तर वही मिटावी.

आणि काही गोष्टी वहीत लिहून थांबायच्या नसतात. शौचातून रक्त, डांबरासारखं काळं चिकट शौच, रक्ताची उलटी, आपोआप घटणारं वजन, गिळताना अडकणं, झोपेतून उठवणारं दुखणं, पन्नाशीच्या आसपास शौचाच्या सवयीत पहिल्यांदाच झालेला बदल: यांना तीन आठवडे द्यायचे नाहीत, लगेच डॉक्टर गाठायचा. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखं शौच असेल तर सरळ इस्पितळ. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा चावत बसू नका. १०८ फिरवा.