केक कापा, पण बिलही वाचा!

वाढदिवस पूर्वी एका संध्याकाळीत आटपायचा. औक्षण, शेवयांची खीर, शेजारच्या पोरांना वेफर्स आणि केकचा तुकडा, झालं. आता तो शुक्रवारी रात्री सुरू होतो आणि रविवारी दुपारी हॉटेलच्या रिसेप्शनवर कार्ड स्वाइप करूनच संपतो. मधल्या दीड-दोन दिवसांत मेणबत्ती, गाणं, केक, मंचुरियन, पांढरीशुभ्र चादर असं जे जे समोर येतं, त्या प्रत्येकामागे काही ना काही भानगड आहे. उत्सवमूर्ती तयार होईपर्यंत वाचून घ्या, टेबलावर सांगायला उपयोगी पडेल.

आधी पिझ्झा, मग फुंकर

केकवर वयाइतक्या मेणबत्त्या लावण्याची हौस मूळची जर्मन. १७४६ साली काउंट झिन्झेनडॉर्फ या सरदाराच्या वाढदिवसाला भट्टीत मावेल तेवढा मोठा केक केला होता आणि वयाच्या हिशेबाने त्यात भोकं पाडून मेणबत्त्या खोचल्या होत्या, अशी नोंद सापडते. त्या फुंकून विझवल्यावर केकचं नेमकं काय होतं, हे तपासायला मात्र २०१७ साल उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठातल्या संशोधकांनी फॉइलवर आयसिंग थापलं, त्यात मेणबत्त्या लावल्या आणि लोकांना फुंकर मारायला सांगितलं. त्याआधी सगळ्यांना पिझ्झा दिला, तोंडाला पाणी सुटावं म्हणून! निकाल असा, की फुंकर मारलेल्या आयसिंगवर जंतूंचं प्रमाण सरासरी १४०० टक्क्यांनी जास्त निघालं. धडधाकट माणसाने यामुळे घाबरायचं कारण नाही, असंही त्यांनीच सांगितलं. तरी ज्यांना आता केक नकोसा झालाय त्यांच्यासाठी सोपा उपाय आहे. मेणबत्ती एका छोट्या कपकेकवर लावा, तो उत्सवमूर्तीलाच खायला द्या आणि मोठा केक शाबूत ठेवा.

आपल्याकडे औक्षणाचं निरांजन फुंकून विझवायचं नाही, असा आज्यांचा दंडक. कारण त्यांचं वेगळं होतं, पण नियम चांगलाच निघाला की!

गाण्याची कोर्टकचेरी

वेटरमंडळी टाळ्या वाजवत टेबलाभोवती जमतात आणि जगातलं सर्वांत ओळखीचं इंग्रजी गाणं म्हणतात. त्याची चाल १८९३ साली छापली गेली, तेव्हा वाढदिवसाशी तिचा काही संबंध नव्हता. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या मिल्ड्रेड आणि पॅटी हिल या बहिणींनी बालवाडीतल्या मुलांसाठी ते ‘सुप्रभात’ म्हणणारं गाणं रचलं होतं. वाढदिवसाचे शब्द नंतर चिकटले आणि मग त्यावर मालकी हक्क आला. पुढे वॉर्नर कंपनी सिनेमावाल्यांकडून त्याची रॉयल्टी वसूल करायची. म्हणून तर अनेक अमेरिकन रेस्टॉरंट साखळ्यांनी टाळ्यांच्या ठेक्यावरची आपापली वेगळीच वाढदिवसाची गाणी बसवून घेतली. याच गाण्यावर माहितीपट काढणाऱ्या दिग्दर्शिकेकडे गाणं वापरण्याचे १,५०० डॉलर मागितले गेले, ती कोर्टात गेली, आणि २०१५ मध्ये निकाल लागला की कंपनीचा हक्कच वैध नाही. पुढच्या वर्षी कंपनीने १ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड केली. आता हवं तिथे, हव्या त्या सुरात म्हणा. बेसूर म्हटल्याबद्दल अजून तरी दंड नाही.

डीजेवाल्या हॉटेलांत दुसरं हमखास लागणारं गाणं १९६७ च्या ‘फर्ज’मधलं. रफीचा आवाज, पडद्यावर जितेंद्र. सिनेमा मात्र गुप्तहेराचा.

केक बघा काय काय करतो

हॉटेल आणि केक यांचं सर्वांत खमंग भांडण व्हिएन्नातलं. १८३२ मध्ये प्रिन्स मेटर्निखच्या घरी पाहुणे येणार होते आणि मुख्य आचारी आजारी. मग सोळा वर्षांच्या फ्रान्झ झाखर या शिकाऊ पोराने चॉकलेट केक करून वेळ मारून नेली, असं सांगतात. त्याच्या मुलाने १८७६ साली हॉटेल झाखर काढलं. पण हाच मुलगा त्याआधी डेमेल नावाच्या बेकरीत शिकत होता आणि केक तिथेही विकला जायचा. मग ‘अस्सल’ कोण यावरून दोघे विसाव्या शतकात कोर्टात उभे राहिले. जर्दाळूचा जॅम फक्त वरच्या चॉकलेटखाली असावा की केकच्या मधोमधही, इथवर वाद गेला. १९६३ मध्ये तडजोड झाली आणि ‘अस्सल’ हा शब्द हॉटेलच्या वाट्याला आला. जॅमचा थर कुठे यावर वर्षानुवर्षं वकील पोसणारी माणसं आपल्याला अगदी परकी वाटू नयेत.

आपल्याकडची गोष्ट केरळातल्या थलश्शेरीची. १८८३ मध्ये मर्डॉक ब्राऊन या मळेवाल्याने इंग्लंडहून आणलेला केक मंबल्ली बापू या बिस्किटवाल्यापुढे ठेवला आणि असाच करून दे म्हणाला. बापूंनी बाहेरून मद्य आणण्याऐवजी काजूच्या बोंडांचं गावठी मद्य घालून केक केला. ब्राऊनसाहेब खूश. भारतात तयार झालेला पहिला नाताळ-केक म्हणून तोच सांगितला जातो. मुंबईकरांच्या लहानपणीचा मोंजिनीज केकसुद्धा नावाने इटालियन आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत मोंजिनी या इटालियन भावांचं केकचं दुकान होतं, पुढे ते खोराकीवाला कुटुंबाकडे आलं आणि गल्लोगल्ली पोहोचलं.

ताजी बातमी अशी, की २२ सप्टेंबर २०२५ पासून केक-पेस्ट्रीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. आइस्क्रीमवरचाही.

वाढदिवस म्हणजे चायनीज

कितीही थाटाचं हॉटेल बुक करा, घरातलं एक तरी माणूस विचारतंच: चायनीज मिळतं ना तिथे? मंचुरियन हा पदार्थ चीनमध्ये शोधायला जाऊ नका. नेल्सन वँग या कोलकात्यात जन्मलेल्या आचाऱ्याने तो १९७५ च्या सुमारास मुंबईत, चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात केला. गिऱ्हाइकाने काहीतरी नवं मागितलं. यांनी आपल्या नेहमीच्या पद्धतीने आलं, लसूण, हिरवी मिरची चिरली, पण पुढे गरम मसाल्याऐवजी सोया सॉस ओतला आणि कॉर्नफ्लोअर लावून रस दाट केला. नंतर चिकनची जागा फ्लॉवरने घेतली, कोबीने घेतली, आणि आज तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेरच्या गाडीवरही मंचुरियन आहे. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत मुंबईने देशाला दिलेल्या पदार्थांत वडापावनंतर याचाच नंबर लागतो.

सिझलर आला की आजूबाजूची टेबलं माना वळवून बघतात, त्याचं श्रेय बरंचसं तव्यावर ऐन वेळी ओतलेल्या लोणी-सॉसला. कोबीची पानं खाली असतात ती पदार्थ करपू नये म्हणून. ती खायची की नाही यावर प्रत्येक घरात दोन पक्ष आहेत.

मेन्यूकार्डाकडेही जरा नीट बघा. झकपक ठिकाणी किमतीपुढे रुपयाचं चिन्ह नसतं, नुसता ‘६५०’ असा आकडा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या २००९ च्या अभ्यासात डॉलरचं चिन्ह काढून नुसता आकडा छापला, तेव्हा माणसं सुमारे ८ टक्के जास्त खर्च करताना दिसली. चिन्ह दिसलं नाही की पैसे आपले नाहीतच असं वाटत असावं.

तेरावा पाहुणा मांजर

टेबलावर तेरा जण झाले तर? लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात यावर कायमचा तोडगा आहे. १८९८ मध्ये वूल्फ जोएल या दक्षिण आफ्रिकेतल्या धनिकाने तिथे चौदा जणांची मेजवानी दिली. ऐन वेळी एक गळाला, राहिले तेरा. तेरांतला जो आधी उठेल तो मरेल, असं कुणीतरी म्हणालं. जोएल आधी उठला आणि काही आठवड्यांत जोहान्सबर्गमध्ये त्याचा गोळी घालून खून झाला. हादरलेल्या हॉटेलने सुरुवातीला चौदाव्या खुर्चीत आपला कर्मचारी बसवून पाहिला. पण घरगुती गप्पांत परका माणूस कुणाला हवा? मग १९२० च्या दशकात कॅस्पर नावाचं काळं लाकडी मांजर घडवून घेतलं. तेव्हापासून तेरा पाहुणे झाले की चौदाव्या खुर्चीत कॅस्पर बसतं, गळ्यात नॅपकिन बांधून. प्रत्येक पदार्थ त्यालाही वाढला जातो. चर्चिलसाहेबांचं ते फार लाडकं. वशाटवाले, उपासवाले, जैन, एगलेस अशा सगळ्यांना एका टेबलावर बसवणाऱ्या आपल्या घरांत असा काहीच न मागणारा पाहुणा किती सुखाचा ठरेल!

आता खोलीकडे

जगातलं सर्वांत जुनं हॉटेल जपानमध्ये आहे. निशियामा ओन्सेन केइउन्कान, इ.स. ७०५ पासून चालू. आपल्याकडे मात्र ‘एकदा तरी’ यादीत पहिलं नाव मुंबईच्या ताजचं. ते १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं, म्हणजे समोरच्या गेटवेपेक्षा वयाने मोठं. गेटवेचं उद्घाटन १९२४ चं. ताजची पाठ समुद्राकडे गेली आणि ते पाहून आर्किटेक्टने जीव दिला, ही कहाणी प्रत्येक टॅक्सीवाला सांगतो. ती खोटी आहे. मूळ प्रवेश शहराच्या बाजूने मुद्दामच ठेवला होता. आज पोहण्याचा तलाव आहे तिथे बग्ग्या येऊन थांबत. मूळ आराखडा करणाऱ्यांत सीताराम खंडेराव वैद्य हे मराठी नाव आहे, ते मात्र टॅक्सीवाले सांगत नाहीत. पहिल्या महायुद्धात याच हॉटेलात ६०० खाटांचं इस्पितळ होतं. आणि तिथल्या सी लाउंजमध्ये चहा पीत किती लग्नं ठरली, ते जुन्या मुंबईकरांना विचारा.

खोल्यांतल्या चादरी पांढऱ्याच का? ब्लीच करून एकत्र धुता येतात आणि स्वच्छ आहे हे नुसत्या नजरेला पटतं. १९९९ मध्ये वेस्टिन या साखळीने संपूर्ण पांढरा बिछाना जाहिरात करकरून विकला आणि मग सगळेच त्या रंगावर आले. टॉयलेट पेपरचं टोक त्रिकोणी दुमडलेलं दिसलं, तर तो सफाई झाल्याचा निरोप असतो.

‘सेव्हन स्टार’ म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर हसून सोडा. पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत सर्वांत वरची पायरी फाइव्ह स्टार डीलक्स, त्यापुढे शिडीच नाही.

माथेरान-महाबळेश्वरला फोन केलात की पलीकडून ‘सीपी का एपी?’ असं विचारतात. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे सोबत नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे सगळी जेवणं. यातला ए अमेरिकेचा, कारण एकोणिसाव्या शतकात तिथल्या हॉटेलांत खोलीच्या भाड्यातच जेवण धरलेलं असे. माथेरानला एपी घ्यावं हे माझं ठाम मत. दस्तुरी नाक्यापुढे आपली गाडी नेता येत नाही, मग रात्री भूक लागल्यावर जाणार कुठे?

आणि एक गुपित. शनिवारी लोणावळ्यात खोली मिळत नाही, तेव्हा बीकेसी किंवा हिंजवडीतली कंपनीवाल्यांची हॉटेलं बऱ्याचदा निम्मी रिकामी असतात. त्यांचा धंदा सोमवार ते गुरुवार. वीकेंडला तीच खोली पुष्कळदा स्वस्त मिळते आणि नाश्त्याला डोशाच्या काउंटरवर रांगही नसते.

१०० रुपयांना १,०९३

आता खरी गंमत. हॉटेलच्या खोलीचं एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की सबंध रकमेवर १८ टक्के. म्हणजे ७,५०० ची खोली करासकट ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. भाडं १०० रुपयांनी वाढलं, खिशातून गेले १,०९३! बुक करताना हा आकडा डोक्यात असू द्या, थोडी घासाघीस करून रेषेच्या अलीकडे येता आलं तर बघा.

जेवणाचंही तसंच. साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के. पण हॉटेलने आदल्या आर्थिक वर्षात एखादी जरी खोली ७,५०० च्या वर विकली असेल, तर त्याच्या आवारातल्या रेस्टॉरंटमध्ये सहसा १८ टक्के. ४,००० रुपयांच्या जेवणावर कुठे २०० आणि कुठे ७२०. म्हणून राहा महागात, पण जेवायला कोपऱ्यावरच्या हॉटेलात जा. मद्यावर जीएसटी नाही, तिथे राज्याचा व्हॅट लागतो, तेव्हा बिलात दोन वेगळे कर दिसले तर भांडू नका.

भांडायचंच तर सर्व्हिस चार्जवरून भांडा. तो कर नाही, सरकारजमा होत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं, की हॉटेलांनी तो बिलात आपोआप लावू नये, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हे उचलून धरलं. काढून द्या म्हणून सांगा. नाही म्हणाले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. आणि ज्या पोराने टाळ्या वाजवून गाणं म्हटलं, सिझलर सांभाळून आणला, आजोबांसाठी तीनदा गरम पाणी दिलं, त्याची टीप बिलाच्या फोल्डरमध्ये न ठेवता थेट त्याच्या हातात द्या.