सेप्टिक टाकीची तपासणी व तिचे दप्तर

सात-बाराच्या उताऱ्यात पिकाची नोंद असते, सिंचनाच्या साधनाची असते. परंतु घरामागे जमिनीत पुरलेल्या सेप्टिक टाकीचा उल्लेख घरच्या कोणत्याही कागदात सहसा आढळत नाही. टाकी कोणत्या साली बांधली, खोली किती, झाकण कोठे, शेवटचा उपसा केव्हा झाला, हे सर्व गवंड्याच्या व घरातील वडील माणसाच्या स्मरणावर असते. ते माणूस गेले म्हणजे माहितीही गेली. खेडोपाडी पक्की शौचगृहे होऊ लागल्यापासून हा प्रश्न शेतकऱ्याच्याही दारी आला आहे. सबब त्याचा येथे विचार करू.

या बाबतीत मुंबईचे एक जुने उदाहरण बोधप्रद आहे. परळच्या भोईवाड्यापासून थोड्याच अंतरावर, त्या काळी माटुंगा म्हणविल्या जाणाऱ्या भागात, म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या प्रयत्नाने १८९० साली निराश्रित कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला. आज वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय ते हेच. तेथे १८९७ च्या सुमारास सेप्टिक टाकी बसविण्यात आली. तिच्यातून निघणारा वायू धरून त्यावर एंजिन चालविले, व बाहेर पडणारे पाणी शेतीस दिले. ड्रेनेज इंजिनियर जेम्स यांनी या कामाचा अनुभव ग्रंथात नमूद करून ठेवला. टाकीचे काम नुसते बांधून संपत नाही, ते पाहत व लिहीत राहावे लागते, हा त्यातील धडा होय.

टाकीत मैला तीन थरांत विभागतो. तळाशी गाळ बसतो, वर स्निग्ध तवंग येतो, व मधले पाणी नळीने शोषखड्ड्यात जाते. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू गाळ कुजवितात, तथापि तो सर्वस्वी नाहीसा होत नाही; वर्षानुवर्षे साचत जातो. गाळ वाढला की पाण्याबरोबर वाहू लागतो, शोषखड्ड्याची छिद्रे बुजतात, व पाणी अंगणात वर येते. म्हणजे दोष दिसेपर्यंत नुकसान होऊन चुकलेले असते.

याकरिता वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, तपासणी करावी. लांब काठीस पांढरे खरखरीत फडके गुंडाळून ती झाकणातून तळापर्यंत सोडावी, थोडा वेळ धरून काढावी. काळ्या डागाच्या उंचीवरून गाळ किती ते कळते. खोलीचा सुमारे तिसरा हिस्सा भरला असल्यास उपसा करवावा. सामान्यतः दोन-तीन वर्षांनी ही वेळ येते. वायुनळीची जाळी व झाकणाच्या भेगाही पाहाव्या. फिनेल व आम्ल फार ओतल्यास उपयोगी जंतू मरतात.

विहिरीचे अंतर हा दुसरा मुद्दा. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट, दूर असावा असा भारतीय मानकाचा दंडक आहे. कोकणातील जांभ्याच्या भेगांतून पाणी झपाट्याने उतरते, तेथे अंतर अधिकच ठेवावे. देशावरील काळ्या जमिनीत उलट पाणी मुरतच नाही. तेथे शोषखड्डा विचारपूर्वक करावा.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. टाकीत माणूस कदापि उतरवू नये. आतील विषारी वायू क्षणात बेशुद्ध करतो, आणि प्रमाण वाढले की त्याचा वासही येईनासा होतो. पहिल्यास वाचवावयास दुसरा उतरतो व दोघेही प्राणास मुकतात. २०१३ च्या कायद्याने अशी धोक्याची सफाई माणसाकडून करविणे गुन्हा ठरविले आहे. आणि अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ३० लाख रुपये केली. यंत्राच्या गाडीचे भाडे कोणाच्याही घरातील कर्त्या माणसापेक्षा महाग नाही. झाकण काढून डोकावणे व जवळ विडी पेटविणे हेही टाळावे.

उपसलेला गाळ खत म्हणून कच्चाच शेतात टाकू नये. त्यात जंताची अंडी दीर्घकाळ जिवंत राहतात. पालेभाजीस तर तो मुळीच देऊ नये. गावाजवळ प्रक्रियेची सोय असल्यास गाडी तेथेच न्यावयास सांगावे.

एक साधी वही घालावी. पहिल्या पानावर घराच्या कोपऱ्यापासूनची मोजमापे देऊन टाकीचा नकाशा काढावा. पुढे तारीख, गाळाची उंची, उपसा, दुरुस्ती व खर्च असे रकाने ओढावे. घर विकताना वा भाऊबंदांत वाटणी होताना ही वही कागदपत्रांबरोबर द्यावी. जमिनीवरचे धन आपण दप्तरात चढवितो; जमिनीखालचे हे जोखीमही तसेच चढविले पाहिजे.