‘डीबग’ हा शब्द पतंगातून जन्मला नाही

गैरसमज : १९४७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या संगणकात एक पतंग अडकला, तो चिमट्याने काढला आणि त्यावरून ‘बग’ व ‘डीबग’ हे शब्द रूढ झाले.

वस्तुस्थिती : संगणकाच्या पहिल्याच तासाला ही गोष्ट सांगितली जाते, पाठ्यपुस्तकांतही छापली जाते. तारखा पडताळल्या, तर ती टिकत नाही.

९ सप्टेंबर १९४७ रोजी ‘मार्क टू’ या संगणकाच्या एका रिलेमध्ये, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचमध्ये, खरोखरच पतंग सापडला. तो नोंदवहीत चिकटवून खाली लिहिले गेले की, ‘बग’ प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना. ही नोंद नीट वाचा. यंत्रातल्या दोषाला ‘बग’ म्हणायची पद्धत आधीपासून होती, म्हणून तर खराखुरा किडा सापडल्याचे अप्रूप वाटले!

ती पद्धत किती जुनी? थॉमस एडिसनने नोव्हेंबर १८७८ मधल्या एका पत्रात, नव्या शोधात डोके वर काढणाऱ्या बारीकसारीक दोषांना ‘बग’ म्हटले आहे. तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगणक कल्पनेतही नव्हता. आणि ‘डीबग’, म्हणजे दोष शोधून काढणे? ऑक्सफर्ड शब्दकोशात या शब्दाचा १९४५ चा दाखला आहे. तो ब्रिटनच्या रॉयल एरोनॉटिकल सोसायटीच्या नियतकालिकातला, विमानाच्या इंजिनाविषयीचा. पतंग सापडण्याच्या दोन वर्षे आधीचा. मग पतंग या शब्दाचा जनक कसा ठरेल?

आणखी काही गैरसमज :

‘पतंगाची गोष्टच बनावट आहे.’ नाही. पतंगासह ती नोंदवही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

‘तो पतंग संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी शोधला.’ नाही. तो यंत्र चालवणाऱ्या सहकाऱ्यांना सापडला. हॉपर यांनी पुढे ही हकीकत भाषणांतून लोकप्रिय केली.

‘बग म्हणजे मुळात किडाच.’ नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ बागुलबुवा असाही होता. १५३५ च्या कव्हरडेल बायबलमध्ये तो त्याच अर्थाने आला आहे.

हॉपर यांचे खरे कर्तृत्व पतंगाच्या पलीकडचे आहे. १९५२ मध्ये त्यांनी कंपायलरचा, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रणालीचा, पाया घातला आणि ‘कोबोल’ या संगणकभाषेवर त्यांच्या कामाचा मोठा प्रभाव पडला. शिक्षकांनो, वर्गात हॉपर यांचे नाव घ्याल तेव्हा मुलांना हे काम आधी सांगा.