बाळंतिणीची खुर्ची निवडताना...

नवजात बाळाला २४ तासांत साधारणतः ८ ते १२ वेळा स्तनपान द्यावे लागते. पाळणा, दुपटी, खेळणी यांच्या खरेदीत आईच्या बैठकीचा विचार मात्र मागे पडतो आणि पाठ, मान अवघडते.

खुर्चीची पाठ खांद्यांपर्यंत उंच असावी. हात कोपरांच्या उंचीवर असल्यास बाळाचा भार खांद्यांवर येत नाही. दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत; न टेकल्यास पायांखाली पाट घ्यावा. मांडीवर उशी ठेवून बाळाला छातीपर्यंत आणावे, आईने वाकू नये. फार खोल, मऊ खुर्चीतून बाळासह उठणे, विशेषतः सिझेरियननंतर, त्रासाचे ठरते. घरात रांगते मूल असल्यास झुलती खुर्ची टाळावी. तिच्याखाली बोटे चिरडू शकतात. घरातीलच हातांची भक्कम खुर्ची व दोन उशा यांवरही काम भागते.

मात्र आरामखुर्चीत वा सोफ्यावर बाळाला कुशीत घेऊन डोळा लागणे अत्यंत धोकादायक आहे. नाक-तोंड दबून बाळाचा श्वास कोंडू शकतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२च्या मार्गदर्शक सूचनांतही हा इशारा दिला आहे. त्यामुळे झोप अनावर होताच बाळाला घरातील जागत्या व्यक्तीकडे द्यावे किंवा पाळण्यात उताणे निजवावे.